रेषेबाहेरची खोली

तुम्ही आम्हाला रस्त्यावर नक्की पाहिलं असणार. भर उन्हात तिपाईवर पिवळं यंत्र, त्याला एक डोळा लावून वाकलेला एक माणूस, आणि लांब, पार गटाराच्या पलीकडे, लाल-पांढरी काठी धरून उभा असलेला दुसरा. तो वाकलेला माणूस मी. लोकांना वाटतं आम्ही फोटो काढतो. इतक्या जणांनी जवळ येऊन "आमचा पण काढा ना" म्हटलंय की पुढे पुढे मी सरळ "हसा" म्हणायचो, आणि ते खूष होऊन जायचे.

धंदा समजायला अवघड नाही. कोणीतरी एसीत बसून नकाशावर रस्त्याची रेघ मारतो. मारायला काय जातं! ती रेघ खाली जमिनीवर नेमकी कोणाच्या दारातून, कोणाच्या गोठ्यातून, कोणाच्या मोरीतून जाते, ते तिथे जाऊन दाखवायचं काम सर्व्हेअरचं. काठी कुठे उभी आहे ते यंत्र सांगतं. काठी बरोबर जागेवर आली की तिथे खुंटी ठोकायची, तिच्या डोक्यावर लाल रंग फासायचा आणि पुढे सरकायचं. खुंट्या जोडल्या की रस्त्याची कड तयार. बुलडोझर येतो तो आमच्या मागून. शिव्या मात्र पहिल्या आम्ही खातो.

माझी बरीचशी नोकरी मुंबईला वळसा घालण्यात गेली. आपली मुंबई म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी. दोन हायवे उभे, आणि मध्ये आडव्या पायऱ्या मोजक्याच. त्यामुळे बोरिवलीच्या माणसाला मुलुंडला जायचं म्हणजे परदेशी निघाल्यासारखं डबा घेऊन निघावं लागे. मग ठरलं की समुद्राकडून एक रस्ता, खाडीकडून एक, डोंगराखालून बोगदे, वर पूल, आणि हे सगळं जोडून शहराभोवती कडंच घालायचं. साहेबलोक नकाशावर बोट गोल फिरवून "रिंग" म्हणायचे. मी ती रिंग कधी पाहिली नाही हो. मी पाहिले ते तुकडे. इथे एक नाला, तिथे एक तबेला, कुठे कोणाची संडासची भिंत.

काठी धरणारा तो हिरामण. खारदांड्याचा कोळी, काळा, उंच, छाती ही एवढी, आणि आवाज असा की बोटीवरून हाक मारली तर माहीमला ऐकू जावी. पण आमच्या कामात आवाजाचा उपयोग नाही. हायवेच्या कडेला ट्रक चाललेले असताना कोण कोणाचं ऐकणार? म्हणून आमची भाषा हातांची. मी हात बाजूला लांब केला की काठी त्या बाजूला सरकवायची. हात खांद्यापासून हलला तर पुष्कळ, नुसतं मनगट हललं तर बोटभर. आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन खाली आणले की बरोबर, आहेस तिथेच, हलू नको, ठोक. पुढे वॉकी-टॉकी आले, मोबाइल आले, पण हिरामण ते खिशातून काढायचाच नाही. "दत्ता, तू हात कर. मला तुझा चेहरा दिसत नाय, निदान हात तरी दिसू दे," म्हणायचा.

खरंच होतं ते. मला तो काचेतून इतका जवळ दिसायचा की कपाळावरचा घाम मोजावा. त्याला मी दिसायचो ठिपका. दिवसभर आम्ही दोघं एकाच कामावर, आणि मध्ये सगळा रस्ता. दुपारी डबा उघडला की तेवढं तोंडाने बोलणं. त्याच्या डब्यातला सुका जवळा आणि माझ्या बायकोची भाकरी, यावर आमची मैत्री उभी राहिली. बायको गेल्यावर मी वडापाव आणायला लागलो. तो घरून दोन भाकऱ्या जास्त आणायला लागला.

गिऱ्हाईकं एकेक भेटायची. आरे कॉलनीत सकाळी ठोकलेल्या खुंट्या दुपारी आडव्या. मी भडकून तबेलेवाल्याला विचारायला गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, म्हशीला खाज आली की तिला तुमचा नकाशा कळत नाय." खारदांड्याच्या किनाऱ्यावर हिरामणच्या सख्ख्या आत्याने आमच्या दोन खुंट्यांना दोरी बांधून बोंबील वाळत घातले. वर मलाच म्हणते, अजून दोन मार, चांगल्या भक्कम आहेत. मुलुंडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी तर रोज संध्याकाळी यायचे. त्यांना रस्ता जवळ हवा होता, म्हणजे फ्लॅटचा भाव वाढेल, पण आवाज नको होता. मी म्हटलं, "सांगतो ना गाड्यांना, इथून जाताना चपला काढून जा." तेव्हापासून त्यांच्याकडचा चहा बंद झाला.

बहुतेक लोकांचं मागणं एकच असे. रेघ जरा तिकडे सरकवा, आमचं घर वाचवा. कोणी पाया पडायचं, कोणी कॉलर धरायचं. त्याची सवय होते. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो, रेघ माझ्या बापाची नाही. उलटं मागणं घेऊन आलेलं माणूस आयुष्यात एकच भेटलं, आणि आज लिहायला बसलोय ते तिच्यासाठीच.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एक बैठी चाळ होती. एका ओळीत खोल्या, वर सिमेंटचे पत्रे, पुढे ओटे. बहुतेक सगळे कोकणातले, गिरण्यांत होते तेव्हा परळ-लालबागला राहायचे, गिरण्या बंद झाल्यावर इकडे आलेले. टोकाच्या खोलीत इंदू परब. नवरा जाऊन जमाना झाला होता, मूलबाळ नव्हतं. शिवण करून पोट भरलं आणि म्हातारी झाली. भिंतीला भिंत लावून शेजारी शालन तावडे, तीही विधवा, पण तिला मुलगा-सून. दोघींचे नवरे एकाच खात्यात कामाला होते आणि दोघी एकाच वर्षी लग्न होऊन मुंबईत आल्या होत्या. पाठच्या बहिणी कुठे इतक्या जवळ असतात!

त्यांचा एक रिवाज होता. सकाळी उठल्या उठल्या शालन लाटण्याने मधली भिंत ठोकायची. ठक ठक. पलीकडून इंदूमावशी ठोकायची. म्हणजे दोघी जिवंत आहेत, आता चहा ठेवायला हरकत नाही. मी तिथे यंत्र लावून उभा असताना हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणी खिळा मारतंय. इंदूमावशी हसून म्हणाली, "खिळो नाय रे झिला. हजेरी आसा आमची."

कच्ची आखणी झाली तेव्हा सगळी चाळ रस्त्यात गेली. सगळी म्हणजे, इंदूमावशीची खोली सोडून. रेघ शालनच्या दारासमोरून गेली ती मधल्या भिंतीच्या हातभर अलीकडून. हातभर म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत, बस्स. रेघेत जे आले त्यांना रस्त्याच्या पलीकडे इमारतीत फ्लॅट मिळणार होता. स्वतःचा संडास, नळाला पाणी, लिफ्ट. थोडी रडारड झाली, पण आतून लोक खूष होते. खोटं का बोला.

इंदूमावशीला वाटलं तीही जाणार. तिने भांडी बांधायला काढली होती. मीच सांगितलं तिला. म्हटलं, "मावशी, तुझी खोली वाचली." असं आम्ही कोणाला सांगितलं की लोक पेढे आणून देतात. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"वाचली म्हणजे? शालन जातली नि मी?"

"तू इथेच. रस्ता तुझ्या भिंतीला लागत नाही."

"अरे पण मगे हय कोण रवतला?"

तिथे राहणार होती ती एकटी. एका बाजूला डोंगर, एका बाजूला नाला आणि पुढे सहा गाड्या शेजारी शेजारी धावतील एवढा रस्ता.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओट्यावर डबा खात होतो तेव्हा ती येऊन माझ्यासमोर बसली. हात जोडले नाहीत की रडली नाही. उलट भांडायलाच आली होती. "झिला, एक हात फक्त. तुझी ती काठी एक हात हय सरकव. माका पण आत घे. तुका काय जाता रे? एवढो मोठो रस्तो, त्येका एक हात जास्त झालो तर काय अपचन होतला?"

"मावशी, ते माझ्या हातात नाही गं."

"हातातच आसा तुझ्या! सगळो दिवस बघतंय मी. तू हात करतंस नि हो हलता." तिने हिरामणकडे बोट दाखवलं.

हिरामण घास हातात धरून खाली बघत होता.

मी काही दगड नाही. मी साइटच्या इंजिनीयरला जाऊन विचारलं. तो बिचारा तरुण, चांगला मुलगा. आधी हसला, म्हणाला, "काका, लोक बाहेर काढा म्हणून रडतात, आणि ही आत घ्या म्हणते?" मग त्याने खरंच वर विचारलं. उत्तर आलं ते मला आधीच ठाऊक होतं. ज्याचं घर रस्त्याला लागतं त्यालाच घर. एकटेपणा लागतो म्हणून घर द्यायचं असं कुठल्या नियमात बसत नाही.

मग पक्की खुंटी ठोकायचा दिवस आला. मी यंत्र लावलं, डोळा लावला. हिरामण काठी घेऊन चाळीकडे गेला आणि उभा राहिला. काचेतून बघतो तर तो शालनच्या दारासमोर नाही, इंदूमावशीच्या दारासमोर उभा. हातभर पलीकडे. मला वाटलं चुकला. मी डावा हात केला, सरक. तो सरकला नाही. मी पुन्हा केला, खांद्यापासून, मोठा. तो तसाच. काचेतून मला त्याचे डोळे दिसत होते. तो सरळ माझ्याकडे बघत होता. मी त्याच्यासाठी ठिपका, पण त्याला पुरतं माहीत होतं मी काय बघतोय ते.

त्याच्या मागे ओट्यावर इंदूमावशी उभी. तिच्या बाजूला शालन, तोंडाला पदर लावून. मी दोन्ही हात वर नेऊन खाली आणायचा अवकाश होता. खुंटी ठोकली गेली असती. मग आठवड्याभरात तपासणीवाले आले असते, त्यांच्या यंत्राने खुंटी चुकीची म्हणून उपटली असती, हिरामणची नोकरी गेली असती, माझीही, आणि म्हातारी भांडी बांधून पुन्हा सोडत बसली असती. हे सगळं मला कळत होतं. माझं बरोबरच होतं. आजही कोणी विचारलं तर मी तेच करीन. पण तो हात तिसऱ्यांदा डावीकडे करताना इतका जड झाला की काय सांगू. हाताला शिशाचा गोळा बांधलाय असं वाटलं.

हिरामण सरकला. मी दोन्ही हात वर नेले, खाली आणले. त्याने खुंटी ठोकली ती अशी, की एरवी चार घावांत जाणारी खुंटी त्याने ठोकतच ठेवली. त्या दुपारी त्याने डबा झाडाखाली एकट्याने खाल्ला. माझ्या वाटणीच्या भाकऱ्या फडक्यात बांधून यंत्राच्या पेटीवर ठेवल्या होत्या. उपाशी ठेवलं नाही त्याने मला, पण बोललाही नाही. मला त्याचा राग आला, आणि नंतर माझाच आला.

चाळ पाडली तेव्हा मी गेलो नाही. ऐकलं की शालनची खोली पाडल्यावर मधली भिंत उघडी पडली. तिच्यावर शालनच्या बाजूने कॅलेंडरचा खिळा आणि फळ्यांच्या खुणा दिसत होत्या. कंपनीने बाहेरून गिलावा करून दिला, एवढी माणुसकी दाखवली. पुढे रस्ता झाला, दिवे लागले, दुभाजकावर झाडं लागली. मी दुसऱ्या साइटवर गेलो, मग तिसऱ्या. हिरामण पुन्हा बोलायला लागला, जवळा पुन्हा सुरू झाला, पण इंदूमावशीचं नाव त्याने काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

शेवटी शेवटी नवीन यंत्रं आली. ती स्वतःच मान वळवून काठी शोधतात. काठी धरणारा एकटाच सगळं करतो, यंत्रामागे माणूसच लागत नाही. म्हणजे इतकी वर्षं ज्याला लोक हेल्पर समजायचे तो राहिला आणि साहेब घरी. हिरामणने चिडवून चिडवून जीव नकोसा केला. "दत्ता, आता घरी बसून आरशासमोर हात कर." मी रिटायर झालो. आणि गेल्या वर्षी हिरामण गेला. झोपेतच. त्याच्या मुलाने फोन केला, मी खारदांड्याला गेलो. समोर समुद्र, गल्ली माणसांनी भरलेली, आणि मला तिथे कोणी ओळखत नव्हतं. साहजिक आहे. मला तो काचेतून जवळचा होता.

त्यानंतर मला दिवस खायला उठला. घरात मी आणि टीव्ही. मुलगी बंगळुरूला, रविवारी फोन करते, "बाबा, जेवलात का?" मी जेवलो म्हणतो. अशाच एका सकाळी उठलो, रिक्षा केली आणि सरळ इंदूमावशीकडे गेलो. असेल की नसेल तेही माहीत नव्हतं.

होती. रस्त्याच्या कडेला, पत्र्याची एकच खोली, ओटा आणि ओट्यावर ती. गाड्या इतक्या जवळून जात होत्या की तिच्या लुगड्याचा पदर हलत होता. मी जवळ गेलो तरी तिचं माझ्याकडे लक्ष नाही. ती रस्त्यापलीकडे बघत होती. मग एकदम उठली, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि खाली आणले.

मी वळून बघितलं. पलीकडे उंच इमारत, आणि चौथ्या मजल्याच्या गॅलरीत एक पांढऱ्या केसांची बाई. तिनेही दोन्ही हात वर नेले, खाली आणले आणि आत गेली.

"हजेरी झाली," इंदूमावशी म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघितलं. "कोण रे तू?"

मी नाव सांगितलं. तिने डोळे बारीक केले. "काठीवालो?"

"काठीवाला हिरामण. मी यंत्रवाला."

"हां. हात करणारो." तिने मला बसायला सांगितलं. चहा ठेवला. राग होता की नाही कळेना, पण साखर भरपूर घातली होती. मी विचारलं, हे हातांचं कोणी शिकवलं? तर म्हणाली, हिरामण. चाळ पडल्यावर तो अधूनमधून रविवारी यायचा. येताना मासे घेऊन यायचा. शालनला आता ऐकू येत नाही, फोनवर नुसतं "काय? काय?" चालतं, आणि रस्ता ओलांडायचा तर पार तिकडे पुलावर चढायचं, दोघींचे गुडघे गेलेले. सणावाराला शालनचा मुलगा गाडीतून नेतो-आणतो, तेवढंच. तेव्हा हिरामण पलीकडे शालनच्या गॅलरीत जाऊन उभा राहिला, तिथून हात करून करून इकडे हिला शिकवलं, मग इकडे येऊन तिकडे तिला शिकवलं. डावीकडे हात केला म्हणजे तब्येत बरी नाही. उजवीकडे केला म्हणजे कोणीतरी पाहुणा आहे. दोन्ही हात वर, खाली म्हणजे बरी आहे, जागेवर आहे, चहा ठेव.

इतकी वर्षं दुपारी माझ्यासमोर बसून भाकरी खाल्ली त्या माणसाने, आणि हे एका शब्दाने मला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मला लाज वाटू नये म्हणून, की मला सांगण्यासारखं त्याला वाटलं नाही म्हणून? आता विचारायचं कोणाला!

"हल्ली येणा नाय तो," मावशी म्हणाली. "बरो आसा मा?"

मी सांगितलं. तिने पदराने चष्मा पुसला, पुन्हा घातला. मग ती म्हणाली, "तुझो राग नव्हतो रे माका. तुझो हात तुझो नव्हतो, ह्या माका तेव्हाच कळलेला. पण एकटी पडलंय ता पडलंयच." मी म्हटलं, "मीपण, मावशी." नोकरीत कोणाला सांगितलं नव्हतं, मुलीला सांगितलं नव्हतं, ते त्या गाड्यांच्या आवाजात पटकन बोलून गेलो.

ती एवढंच म्हणाली, "मगे ये की. आणखी एक कप चाय काय माका जड जाता?"

निघालो. पुलावर चढलो, धापा टाकत पलीकडे उतरलो आणि बसस्टॉपवर उभा राहिलो. रस्त्यापलीकडे ओट्यावर मावशी उभी होती. माझ्याकडेच बघत होती, पण मध्ये दिव्याचा खांब येत होता. तिने डावा हात लांब केला. आमची जुनी खूण, सरक. मी सरकलो. तिने पुन्हा हात केला, नुसतं मनगट. बोटभर. मी बोटभर सरकलो. सगळी नोकरी मी लोकांना असं इकडे-तिकडे सरकवत आलो, पण काठीच्या जागी कधी उभा राहिलो नव्हतो.

मग तिने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि खाली आणले. बरोबर, आहेस तिथेच.

माझी बस आली, थांबली, माझ्यासमोर दार उघडलं. कंडक्टर ओरडला, "काका, चढताय की नाही?" मी हलूच शकलो नाही.